ज्यूद्वेष म्हणजे नेमकं काय? तो आजही का संपत नाही आणि आपण तो ओळखायचा कसा?

९ ऑक्टोबर २०१९. जर्मनीतल्या हाले शहरातल्या सिनेगॉगमध्ये पन्नासेक लोक प्रार्थनेसाठी जमले होते. योम किप्पुर होता. उपास आणि प्रायश्चित्ताचा हा दिवस ज्यू कॅलेंडरमधला सगळ्यांत पवित्र दिवस मानला जातो.

दुपारी बाराच्या सुमारास एक तरुण शस्त्रं घेऊन गाडीतून उतरला. डोक्यावरच्या हेल्मेटला त्याने मोबाईल लावला होता आणि सगळा प्रकार तो इंटरनेटवर लाइव्ह दाखवत होता. त्याने सिनेगॉगच्या दारावर गोळ्या झाडल्या, स्फोटकं वापरली. पण जाडजूड लाकडी दार काही उघडलं नाही, त्यामुळे आतले सगळे वाचले. बाहेर मात्र रस्त्यावरून जाणारी एक महिला आणि जवळच्या कबाबच्या दुकानातला एक तरुण, असे दोघे त्याच्या गोळ्यांना बळी पडले. दोघेही ज्यू नव्हते.

हल्ल्याआधी कॅमेऱ्यासमोर तो जे बोलला, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. होलोकॉस्ट झालाच नाही, असं तो म्हणाला. स्त्रीवादामुळे पाश्चात्त्य देशांतला जन्मदर घटला, म्हणून बाहेरचे लोक येऊन वसू लागले, असंही म्हणाला. आणि या सगळ्याचं मूळ कोण, तर ज्यू.

स्त्रीवाद, जन्मदर आणि स्थलांतर या तीन गोष्टींचा सिनेगॉगमध्ये उपास करणाऱ्या माणसांशी काय संबंध? काहीच नाही. तरीही त्याच्या डोक्यात ही साखळी अगदी पक्की बसली होती. आजचा ज्यूद्वेष समजून घ्यायचा तर ही साखळी कशी तयार होते, हे पाहावं लागेल.

'अँटिसेमिटिझम' हा शब्द आला कुठून?

ज्यूंचा द्वेष खूप जुना असला, तरी त्यासाठी वापरला जाणारा 'अँटिसेमिटिझम' हा शब्द दीडशे वर्षांपूर्वीचाच आहे. विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने १८७९ साली तो लोकप्रिय केला. विशेष म्हणजे हा शब्द त्याने टीका म्हणून वापरला नव्हता. त्याने स्वतःच ज्यूविरोधी संघटना काढली होती आणि तिच्या नावात हा शब्द अभिमानाने मिरवला होता.

नवा शब्द का लागला? कारण तोवर युरोपात ज्यूंना विरोध व्हायचा तो मुख्यतः धर्माच्या नावाने. धर्म बदलला की निदान कागदोपत्री प्रश्न मिटायचा. मारसारख्या लोकांना सांगायचं होतं की ज्यू हा वेगळा 'वंश' आहे आणि धर्म बदलून वंश बदलत नाही. त्या काळात वंश, रक्त वगैरे शब्दांना विज्ञानाचा मुलामा होता, त्यामुळे द्वेषालाही शास्त्रीय चेहरा मिळाला.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. 'सेमिटिक तर अरबही आहेत, मग अरब माणूस अँटिसेमिटिक कसा असेल?' सेमिटिक हे हिब्रू, अरबी, अ‍ॅरमाइक या भाषांच्या कुळाचं नाव आहे, हे खरं. पण अँटिसेमिटिझम हा शब्द पहिल्या दिवसापासून फक्त ज्यूंच्या द्वेषासाठीच वापरला गेला आहे. हा गोंधळ टाळायचा असेल, तर मराठीतला 'ज्यूद्वेष' हा साधा शब्द जास्त नेमका आहे.

हा द्वेष इतर द्वेषांपेक्षा वेगळा कसा?

बहुतेक वेळा द्वेष करणारा समोरच्याला कमी लेखतो. 'ते अडाणी, ते घाणेरडे, ते मागासलेले' अशी ती भाषा असते. जातीय आणि वांशिक भेदभावात हे आपण रोज पाहतो.

ज्यूंबद्दलही असं बोललं जातं. पण त्याच्या जोडीला उलटा आरोपही असतो. ज्यू म्हणे फार हुशार, फार श्रीमंत. बँका त्यांच्या, माध्यमं त्यांची, सरकारं त्यांच्या तालावर नाचतात. म्हणजे ज्यू एकाच वेळी हीनही आणि सर्वशक्तिमानही.

म्हणूनच ज्यूद्वेष हा एखाद्या कटाच्या गोष्टीसारखा चालतो. महागाई वाढली, नोकरी गेली, साथ आली, युद्ध झालं की कुणाला तरी दोष द्यायचा असतो. खरी कारणं गुंतागुंतीची असतात. 'पडद्यामागून एक छोटा गट सगळं चालवतो' हे उत्तर मात्र सोपं असतं. जगात ज्यूंची संख्या साधारण दीड कोटी आहे. जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण जेमतेम ०.२ टक्के भरतं. बहुतेकांच्या ओळखीत एकही ज्यू माणूस नसतो आणि ज्याला पाहिलेलंच नाही, त्याच्याबद्दल काहीही खपून जातं.

जुन्या अफवा, नवे कपडे

आज सोशल मीडियावर फिरणाऱ्या अनेक गोष्टींची मुळं शेकडो वर्षं मागे जातात. त्यातल्या चार ओळखून ठेवल्या, तरी पुढचं बरंच सोपं होतं.

पहिली, लहान मुलांच्या रक्ताची. ११४४ साली इंग्लंडमधल्या नॉरिच इथे एका मुलाचा खून झाला आणि आळ ज्यूंवर आला. ज्यू लोक धार्मिक विधीसाठी ख्रिश्चन मुलांचं रक्त वापरतात, ही अफवा त्यानंतरच्या काळात युरोपभर पसरली. १२४७ साली पोप चौथे इनोसंट यांनी ती खोटी असल्याचं लेखी सांगितलं, तरी ती थांबली नाही. आज 'जगातले बडे लोक लहान मुलांना पळवून त्यांचं रक्त काढतात' अशा ज्या पोस्ट फिरतात, त्या याच अफवेच्या नातवंडं-पतवंडं आहेत.

दुसरी, विहिरीत विष टाकल्याची. १३४८-४९ मध्ये प्लेगने युरोपात थैमान घातलं, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याचा आरोप झाला. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आलं. प्लेगने ज्यूही मरत होते, पण ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. कोरोनाच्या काळात 'हा व्हायरस ज्यूंनी बनवला' असे मेसेज फिरले, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा सांगितली जात होती.

तिसरी, पैशांची. मध्ययुगीन युरोपात ज्यूंना बऱ्याच ठिकाणी जमीन घेता येत नव्हती आणि कारागिरांच्या संघटनांत प्रवेश नव्हता. चर्चच्या नियमांनुसार ख्रिश्चनांना व्याजाने पैसे देण्यास मनाई होती. त्यामुळे काही ज्यू सावकारीकडे वळले. बहुसंख्य ज्यू गरीबच होते, पण 'लोभी सावकार' हे चित्र सगळ्यांनाच चिकटलं. पुढे त्याला रॉथ्सचाइल्ड या बँकर कुटुंबाचं नाव मिळालं. वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी मिळवून या कुटुंबाने अफाट पैसा कमावला, ही कथा १८४६ साली पॅरिसमध्ये निघालेल्या एका पत्रकातून पसरली. नाझींनी १९४० मध्ये त्यावर सिनेमा काढला. 'जगातल्या सगळ्या बँका रॉथ्सचाइल्डच्या आहेत' हा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड याच परंपरेतला.

चौथी आणि सगळ्यांत घातक, जगावर ताबा मिळवण्याच्या कटाची. १९०३ साली रशियातल्या एका वर्तमानपत्रात 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' नावाचा मजकूर छापून आला. ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकीचा हा वृत्तांत आहे, असा दावा होता. १९२१ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने पुराव्यासह दाखवून दिलं की हा चक्क चोरलेला मजकूर आहे. मोरिस जोली या फ्रेंच लेखकाने १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणारं एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात ज्यूंचा उल्लेखही नव्हता. त्यातलेच उतारे उचलून हा बनाव रचला होता.

बनाव उघड झाला, पण पुस्तक थांबलं नाही. अमेरिकेत मोटार उद्योगपती हेन्री फोर्ड यांच्या वृत्तपत्राने त्यावर आधारित लेखमाला चालवली. फोर्ड यांनी १९२७ मध्ये माफी मागितली. हिटलरने याच कटाच्या कल्पनेचा वापर केला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या राजवटीने ६० लाख ज्यूंचा जीव घेतला. हमासच्या १९८८ च्या सनदेतही या बनावट पुस्तकाचा दाखला आहे.

आज हा द्वेष कुठे दिसतो?

थोडक्यात उत्तर द्यायचं, तर वेगवेगळ्या टोकांना.

एक टोक गोऱ्या वर्चस्ववाद्यांचं. गोऱ्यांना हटवून त्यांच्या जागी बाहेरचे लोक वसवण्याचा कट चालू आहे आणि त्यामागे ज्यू आहेत, असं ते मानतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरात मशाली घेतलेल्या जमावाने ज्यूंविरोधात याच अर्थाच्या घोषणा दिल्या होत्या. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये ११ जणांची हत्या झाली. मारेकऱ्याचा राग होता निर्वासितांना मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेवर.

दुसरं टोक जिहादी दहशतवादाचं. मार्च २०१२ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात ज्यू शाळेच्या दारात तीन मुलं आणि एका शिक्षकाला मारण्यात आलं. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमधल्या ज्यू सुपरमार्केटवरच्या हल्ल्यात चौघांचा मृत्यू झाला.

इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षाच्या आडूनही हा द्वेष डोकं वर काढतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० लोक मारले गेले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयानुसार ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनींचा मृत्यू झाला. या काळात हजारो किलोमीटर दूरच्या ज्यूंवर हल्ले वाढले. ब्रिटनमध्ये कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट या संस्थेने २०२३ मध्ये ज्यूद्वेषाच्या ४ हजारांहून अधिक घटना नोंदवल्या. त्यातल्या बहुसंख्य घटना ७ ऑक्टोबरनंतरच्या होत्या. अमेरिकेत ज्यूंची लोकसंख्या २ टक्क्यांच्या आसपास आहे, पण एफबीआयच्या २०२३ च्या आकडेवारीत धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक ज्यूंविरुद्धचे होते.

२ ऑक्टोबर २०२५ रोजी मँचेस्टरमधल्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला. तोही योम किप्पुरचाच दिवस. आतल्या लोकांनी दार आतून घट्ट धरून ठेवलं म्हणून हल्लेखोराला आत शिरता आलं नाही. तरी दोघांचा जीव गेला. त्यातल्या एकाला पोलिसांचीच गोळी लागली होती.

आणि चौथी जागा म्हणजे आपल्या हातातला मोबाईल. थेट शिवी दिली तर पोस्ट उडते, म्हणून सांकेतिक भाषा वापरली जाते. नावाभोवती तीन-तीन कंस टाकायचे, वाकड्या नाकाचं, हात चोळणारं व्यंगचित्र टाकायचं, 'ग्लोबलिस्ट' असा शब्द वापरून ओळखीच्या लोकांना खूण करायची. जुलै २०२५ मध्ये तर 'एक्स'वरच्या ग्रोक या एआय चॅटबॉटने हिटलरची स्तुती करणारी उत्तरं दिली आणि कंपनीला माफी मागावी लागली. इंटरनेटवर जे साचलं आहे, तेच अशा यंत्रांच्या तोंडून बाहेर पडू शकतं.

मग इस्रायलवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष का?

नाही. इस्रायल हा देश आहे आणि कोणत्याही देशाच्या सरकारवर, लष्करावर, धोरणांवर टीका करता येते. गाझातल्या मृत्यूंचा जाब विचारणं, वसाहतींना विरोध करणं, पॅलेस्टिनींच्या हक्कांसाठी मोर्चा काढणं यात ज्यूद्वेष नाही. असे मोर्चे काढणाऱ्यांत अनेक ज्यूही असतात.

रेषा नेमकी कुठे आखायची, यावर मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स या संघटनेने २०१६ मध्ये एक व्याख्या स्वीकारली. अनेक देशांनी ती मान्य केली आहे. इतर देशांवर होते तशी टीका इस्रायलवर झाली तर तो ज्यूद्वेष नव्हे, असं ती सांगते. पण तिच्यासोबत दिलेल्या ११ उदाहरणांपैकी बरीच इस्रायलशी संबंधित आहेत आणि त्यांचा वापर टीकाकारांची तोंडं बंद करण्यासाठी होतो, असा आक्षेप आहे. या व्याख्येच्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनी स्वतः विद्यापीठांमध्ये ती नियमासारखी लादायला विरोध केला. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी 'जेरुसलेम जाहीरनामा' हा पर्याय मांडला. बहिष्काराची हाक देणं हे आपोआप ज्यूद्वेष ठरत नाही, असं त्यात म्हटलं आहे.

हा वाद चालूच राहील. पण सामान्य वाचकाला तीन साधे प्रश्न विचारता येतात.

१. टीका सरकारवर आहे की 'ज्यू असेच असतात' असं सगळ्या समाजावर बोट आहे?

२. लंडन, मेलबर्न किंवा मुंबईतल्या ज्यू माणसाला इस्रायलच्या कृत्यांचा जाब विचारला जातोय का?

३. टीकेत रक्तपिपासूपणा, जगावर ताबा, पैशांचा खेळ या जुन्या अफवा डोकावतायत का?

यातल्या कुठल्याही प्रश्नावर अडखळायला झालं, तर आपण टीकेची हद्द ओलांडून द्वेषाकडे आलो, असं समजायला हरकत नाही.

आपल्याकडे ज्यूद्वेष नव्हताच का?

'भारतात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही' हे वाक्य आपण अभिमानाने ऐकतो आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. बेने इस्रायली समाज शेकडो वर्षं कोकणात राहिला. तेल गाळायचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावं घेतलेले हे लोक मराठीच बोलत आले. १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत सुरू केलेलं सिनेगॉग आजही आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

पण गोष्ट इथे संपत नाही. पोर्तुगिजांनी १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू केलं. त्याच्या रोखात सक्तीने ख्रिश्चन झालेल्या ज्यूंची कुटुंबंही होती. भारतीय औषधी वनस्पतींवर १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच कुटुंबातले. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला जाळण्यात आलं आणि १५८० मध्ये ओर्तांची हाडं थडग्यातून उकरून जाळली गेली. पणजीतल्या एका बागेला आज त्यांचं नाव आहे.

आणि २६/११? ताज, सीएसएमटी, कामा हॉस्पिटल आपल्याला पाठ आहे. पण दहशतवाद्यांनी कुलाब्याच्या एका गल्लीतलं नरिमन हाउस का निवडलं? कारण तिथे ज्यू केंद्र होतं. तिथे सहा जण मारले गेले. त्यात केंद्र चालवणारे रबाय गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का होत्या. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणलं. जगभरातल्या ज्यूद्वेषाने मुंबईत येऊन माणसं मारली, हेही २६/११ चं सत्य आहे.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे, ती म्हणजे हिटलरबद्दलचं आकर्षण. त्याचं आत्मचरित्र फुटपाथवरच्या पुस्तकांत व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी दिसतं. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला एका रेस्टॉरंटला हिटलरचं नाव दिलं गेलं. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते बदललं. 'देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्य तर लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. बोलणाऱ्याला बहुतेकदा 'शिस्त' म्हणायचं असतं. पण ज्या माणसाने ६० लाख ज्यूंना संपवलं, त्याच्या नावाने शिस्त शिकायची गरज का पडावी?

स्तुतीतही एक सापळा असतो. 'ज्यू लोक जन्मजात हुशार, पैशात पक्के' हे कौतुक ऐकायला गोड वाटतं, पण साचा तोच जुना. काही जण इस्रायलचं कौतुक करतात ते मुसलमानांना शिव्या देण्यासाठी. एका समाजाचं कौतुक दुसऱ्याच्या द्वेषासाठी वापरणं म्हणजे द्वेषाचा पत्ता बदलणं.

मग आपण काय करू शकतो?

फॉरवर्ड करण्याआधी थांबा. 'सगळ्यामागे एकच गट' असं सांगणारा मेसेज आला की सावध व्हा. '९/११ च्या दिवशी चार हजार ज्यू कामावर गेलेच नाहीत' ही अफवा आजही फिरते. प्रत्यक्षात त्या हल्ल्यात शेकडो ज्यू मारले गेले होते.

नाव बदलून वाचा. मेसेजमधल्या 'ज्यू' या शब्दाच्या जागी स्वतःच्या जातीचं किंवा धर्माचं नाव टाका. वाचताना टोचलं, तर मूळ मजकूरही तितकाच चुकीचा आहे.

ग्रुपवर शांतपणे विचारा. घरच्या ग्रुपवर काकांनी असा मेसेज टाकला, तर भांडायची गरज नाही. 'काका, हे कुठून आलं? मला तर १९२१ मध्येच खोटं ठरलेलं दिसतंय' एवढं पुरतं. टाकणारा बदलेल न बदलेल, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना दुसरी बाजू कळते.

चेष्टेसाठीही शेअर करू नका. 'बघा किती मूर्खपणा' म्हणून टाकलेला स्क्रीनशॉटही अफवा पुढेच नेतो. प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा. मेटाने ऑक्टोबर २०२० पासून होलोकॉस्ट नाकारणाऱ्या पोस्टवर बंदी जाहीर केली आहे. भारतात धर्माच्या आधारे वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे आणि तो सगळ्याच समाजांना लागू होतो.

दुःखांची स्पर्धा लावू नका. ज्यूद्वेषाविरुद्ध बोलण्यासाठी पॅलेस्टिनींचं दुःख नाकारावं लागत नाही आणि पॅलेस्टिनींच्या बाजूने उभं राहण्यासाठी ज्यूंची भीती खोटी ठरवावी लागत नाही.

माणसं आणि इतिहास ओळखा. भारतात आज ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आसपास उरली आहे. मुंबई, ठाणे, पुणे, रायगडमध्ये त्यांची सिनेगॉग आहेत. रीतसर परवानगी घेऊन ती पाहता येतात. पुण्यातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला तर पुणेकर 'लाल देऊळ' म्हणूनच ओळखतात.

शेवटी एवढंच

हालेमध्ये आणि मँचेस्टरमध्ये दारामुळे माणसं वाचली. पण हल्लेखोर दारापर्यंत पोहोचला, तेव्हा त्याच्या डोक्यातला द्वेष कित्येक दिवस, कदाचित वर्षं आधी तयार झालेला असतो. तो तयार होतो एका पोस्टने, एका जोकने, 'असेल बुवा काहीतरी त्यात' म्हणून सोडून दिलेल्या एका फॉरवर्डने. तिथे त्याला अडवणं आपल्यापैकी कुणालाही जमू शकतं.